ळ कुठं मिळंल

खेळ साधा आहे. चौकोनात शब्द टाका,
बटण दाबा, की उदगीर तो शब्द लिहून देतं
आपल्याच पाट्यांनी.
क कापड दुकानाचा, म मेडिकलचा,
ट टपरीचा, तोही अर्धाच,
उरलेल्या ट वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

मोबाईल रिपेरिंगला गिऱ्हाईक नसलं की
शटर अर्धं ओढून मी अक्षरं वेचत हिंडायचो.
लोक विचारायचे, सर्व्हे हाय का? घरपट्टी वाढणार का?
एकानं पाटी घाईघाईनं पुसून घेतली,
दुसऱ्यानं उतरवूनच ठेवली.

र, स, न पोत्यानं मिळाले.
ळ मात्र भाव खाऊन होता.
सापडला शेवटी गुळाच्या आडतीवर,
दोन्ही वाटोळी चिकट, वर माशा.
ङ मिळालाच नाही. त्याच्या जागी
एक बंद शटर ठेवलंय.

मात्रांनी फार छळलं.
वेलांटी एका दुकानाची, अंग दुसऱ्याचं.
अनुस्वार म्हणून चालवून घेतलं
टायरवाल्याच्या पत्र्याला पडलेलं भोक.

आणि ढ.
चौथीत मठपती सरांनी खडूनं
माझ्या पाठीवर काढला होता तो,
आणि वर्गाला म्हणाले होते, वाचा.
तो भेटला मोंढ्याच्या कमानीवर:
हातभर उंच, निळा, खाली पिवळी सावली.
बसलिंग पेंटरनं त्याची गाठ अशी वळवलीय
जसं भरल्या पोत्याचं तोंड आवळावं.
अकरा फोटो काढले.
हमाल म्हणाला, सरका ओ, गाडी लागतीय.

आई शाळेत गेली नाही. सही म्हणजे अंगठा.
म्हणलं, बस, तुझं नाव दाखवतो.
सोजर.
ती वाचेना. ती ओळखाया लागली.
"हे सलूनचं. तुझं जावळ काढलं त्या म्हाताऱ्याचं.
ही निळी काठी मोंढ्याची.
हे जनरल स्टोअरचं, चौबाऱ्यातलं.
आन् हे लाल, रेशनचं."
बोट स्क्रीनवरून चालत गेलं,
कोपऱ्यावर जरा टेकलं, पुन्हा निघालं.
"एवढं हिंडावं लागतंय व्हय
नुसतं सोजर मनायला?"

मग बोट शेवटच्या चौकोनावर थांबलं.
"हे काढ."
का गं?
"दर महिन्याला साखर कमी घातली मेल्यानं.
माझ्या नावात कशाला बसवतूस त्याला?"

अक्षरावर टिचकी मारली की दुसरा फोटो येतो.
र रंगाच्या दुकानाचा. नको.
र रजिस्ट्रीचा. "तितं गेलं की पैसा जातो." नको.
र रक्तपेढीचा. तिनं तोंडच फिरवलं.
मग आला रसवंतीचा,
हिरवा, थोडा वाकडा,
शेजारी पेंटरनं हौसेनं काढलेलं एक घुंगरू.
"हां. हा ऱ्हाऊ दे."

बराच वेळ बघत बसली स्वतःकडं.
मग म्हणाली,
"आता शेजारच्या तुळसाचं लिही.
बघू तिला कोण कोण येतंय."

मी लिहिलं. ळ माझ्याकडं एकच.
आईनं डोळे बारीक केले, ओळखला,
आणि जरा नाराजच झाली:
"तिला बरा आयता गूळ मिळाला."