मधला धागा

बापाचं खरेदीखत त्याच्या पणजोबाच्या वेळचं.
त्यात लिहिलंय: वीज पडलेल्या ओकपासून सुरू,
तिथून पूर्वेला हार्लनच्या दगडी कुंपणापर्यंत,
तिथून उतारानं खाली पाण्यात,
आणि नदीच्या मधल्या धाग्यानं वर चढत
परत ओकपाशी.

ओक मी कधी पाहिला नाही.
कुंपणाचे दगड कुणी चुलीला नेले, कुणी थडग्याला.
धागा तेवढा उरलाय.

मिझुरीच्या दक्षिणेला, डोंगरांच्या घड्यांत,
नद्या झऱ्यांतूनच उगवतात, थंडगार, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या.
आमची त्यातलीच एक, टॅनर्स फोर्क.
तिच्या तळाशी एक सॅलमँडर राहतो,
चपटा, सुरकुतलेला, हातभर लांब,
कातडीनं श्वास घेणारा.
गाळ आला की दगडाखाली गुदमरतो.
लहानपणी बाप दगड उचलून मला तो दाखवायचा
आणि दगड पुन्हा होता तस्सा ठेवायचा,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा.

आता मी नदी मंडळात नोकरी करते.
मंगळवारी त्याच्याच टेबलावर करारनामा ठेवला
आणि परक्या माणसाला वाचून दाखवावं तसा वाचला:
पाण्यापासून शंभर फूट
झाड तोडायचं नाही, बांधकाम करायचं नाही,
गुरं सोडायची नाहीत.
जमीन मालकाचीच राहील.
"आणि कर?" वर्लिन स्टोकलीनं विचारलं.
करही मालकाचाच.
"म्हणजे गाय माझी, चारा माझा,
आणि दूध बगळ्याचं."

मग तो पुराबद्दल बोलला.
मी सातवीत होते तेव्हाचा पूर,
एका रात्रीत नदीनं मक्याचं शेत ओलांडलं होतं.
कायदा असा आहे, की नदीनं काठ
मुंगीच्या पावलानं खाल्ला, तर हद्दही तिच्यासोबत सरकते,
गेलेली माती गेली.
पण तिनं एकाच झेपेत पात्र बदललं,
तर हद्द जुन्या कोरड्या खाचेत पडून राहते
टाकलेल्या कातेसारखी.
"सावकाश चोरी केली तर माल तिचा," बाप म्हणाला,
"दरोडा घातला तर माझा.
तुमचं मंडळ कशात मोडतं?"

मला उत्तर आलं नाही.
खिडकीतून वळण दिसत होतं.
तिथं आईसाठी एक खोली बांधायची होती,
पाण्याकडे तोंड करून, एवढीच तिची अट.
जोत्याचे चार दगड बसवून झाले होते,
मग तिचे हॉस्पिटलचे दिवस आले.
दगड अजून तिथंच आहेत.
पाण्यापासून साठ फूट.
मी नोकरीच्या टेपनं मोजलेत.
त्याला सांगितलेलं नाही.

सकाळी तो गवताचे भारे बांधायची नारिंगी सुतळी घेऊन निघाला.
एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं घेऊन नावेतून पलीकडे गेला.
मग परत आला, दोन टोकं जुळवली,
बरोबर मध्यावर गाठ मारली, पुन्हा पलीकडे गेला.
"ओढ!"
आम्ही ओढली.
गाठ खाली लोंबली, पाण्याला लागली,
आणि पाणी तिला घेऊन निघालं,
थोडं, मग आणखी थोडं.
"कुठाय मध्य?" तो ओरडला.
"हलतोय!"
वरच्या अंगाला आमच्याच गायी
गुडघाभर पाण्यात उतरून पीत होत्या,
गढूळ एक पट्टा खाली येत होता,
सुतळीपर्यंत आला, सुतळीखालून गेला.
त्यानंही पाहिलं.

नाव काठाला लावल्यावर तो घराकडे वळला नाही.
वळणाकडे गेला, पाणी जिथं संपत होतं तिथं टाच टेकवली
आणि चढ चढत लांब पावलं टाकू लागला.
मी मागं उभी.
पहिल्या दगडाशी थांबला.
"वीस पावलं. म्हणजे साठ फूट," तो म्हणाला.
"गेल्या साली एकवीस भरली होती."

करारनामा अजून टेबलावरच आहे, कोरा.
उडून जाऊ नये म्हणून त्यावर
त्यानं ओल्या सुतळीचा गुंडा ठेवलाय.