सी-सात

ग्रेथे स्कोवगोर कोपनहेगनहून आल्या.
धुक्यात विमान उतरेना, म्हणून एक दिवस उशिरा.
चहा नको म्हणाल्या. थर्मामीटर कुणी तपासला, विचारलं.
मग त्या तपासणाऱ्याला कुणी तपासलं?
आणि त्याला?
आम्ही कागदामागून कागद काढत गेलो,
टोर्शहावनच्या खिडकीत दिवस मावळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी फ्रीझर क्रमांक चार. उणे ऐंशी.
दार उघडलं की वाफ पायांवर सांडते,
हातमोज्यातली बोटं आपली राहत नाहीत.
त्यांनी न बघता यादीवर बोट ठेवलं : ७४१९.
म्हटलं, ते नाही. संमती मागे घेतली, नष्ट केलं.
"नष्ट केल्याचं दाखवा."

आहे ते दाखवायला एक मिनिट पुरतं.
नाही ते दाखवायला मला चाळीस लागली :
पत्र, तारीख, दोन सह्या,
ऑटोक्लेव्हची काळी पडलेली पट्टी,
संगणकात आकड्यावर मारलेली रेघ.

मग त्यांनी डबा निरखला.
नऊ बाय नऊ. एक्क्याऐंशी घरं, ऐंशी भरलेली.
"तीन वर्षं रिकामं? तुमचीच कार्यपद्धती म्हणते,
मोकळं झालेलं घर पुढच्या नमुन्याला द्यावं."
म्हणते. पान अकरा. मीच लिहिलंय.

किरकोळ त्रुटी. तीस दिवसांत उत्तर.
फॉर्मवर एक रकाना आहे : मूळ कारण.

तो सूरोयहून बोटीने आला होता,
टोपी हातात, कोटाला माशांचा वास.
नाव सांगता येत नाही,
आणि बेटावर ते सगळ्यांना ठाऊक आहे.
"माझं काढून टाका," एवढंच म्हणाला.
का, हे विचारायचं नसतं. पान सहा. तेही माझंच.
जाताना दारात थांबून म्हणाला,
"तिथं आता कोण?"
मी म्हटलं, अजून कुणी नाही.

आणि मग तीन वर्षं
नवा नमुना आला की माझा हात
सी-सहावरून सी-आठवर जात राहिला.

रकान्यात मी लिहिलं :
कर्मचाऱ्यास पुनर्प्रशिक्षण देण्यात येईल.
कर्मचारी मीच. प्रशिक्षकही मीच.
शुक्रवारी सकाळी नऊला मी मला पान अकरा वाचून दाखवलं,
दोन्हीकडे सही केली.

क्लाक्सविकहून एका बाळंतिणीची नळी आली होती.
ती ठेवली. दार किंचित उशिरा लागलं,
अलार्म एकदा वाजला.
त्याची नोंद केली. वेळ, तापमान, आद्याक्षरं.
कारणाच्या जागी लिहिलं : दार उघडं.