उसनं

सक्करदऱ्याचं कॉलेज, मे महिना.
सर्व्हरच्या खोलीत कुलर,
त्याचंच पाणी संपलेलं.

उरकुडे म्हणतो, जर्नल काहून ठेवतो बे?
कॅशमधलं सारं उसनंच तर आहे.
लाइट गेली, डिस्क कोरी झाली,
पोरं पुन्हा मागतील,
पुन्हा येईल.

एक्सएफएस की ईएक्सटी-फोर,
लाखभर बारक्या फायलींना कोणतं घर सोसेल
यात दुपार गेली.
ठरलं : ईएक्सटी-फोर, जर्नल बंद.
वर नोएटाइम,
म्हणजे कशाला शेवटचा हात कधी लागला
याची नोंदच नाही.

फॉरमॅट मारण्याआधी
जुना लॉग सहज उघडला.
होस्टेलचं एकच मशीन,
रात्री तीन ते पाच,
निकालाचं पान एकेचाळीस वेळा मागितलेलं

आणि आम्ही दर वेळी
तेच शिळं पान वाढलेलं.