तोरणमाळ, खोली क्रमांक दोन

शहाद्याहून निघालो तेव्हा टेम्पोत
एकशे दहा किलोची बिडाची शेगडी,
सहा इंची स्टीलचा लवचिक नळ,
पोत्यात सिरॅमिकची लोकर,
आणि अनीस. वय एकोणीस, मफलर आईचा.
मी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या जोडल्या,
कुलरचे पत्रे वाकवले.
विस्तव घरात बसवायचं काम
पहिल्यांदाच कुणी दिलं.

घाटात शेगडी
झोपेतल्या म्हशीसारखी कूस बदलत होती.

नेरपगारे साहेब म्हणाले, शनिवारी पाहुणे आहेत.
खोबणीत ढकला, कडेनं सिमेंट लिंपा, झालं.
मी टेप काढला.
गोऱ्यांच्या वेळची विटांची शेकोटी,
समोरून अडतीस, मागे एकोणतीस.
तोंडानं उदार, पोटानं चिक्कू.
अनीसनं आत डोकं घातलं, बॅटरी वर मारली.
"काका, आभाळ दिसत नाही."

धुराड्यातून निघालं ते असं:
पारव्याचं घरटं, सुकलेलं मधाचं पोळं,
कुण्या पोराचा लाल चेंडू,
आणि काजळी. भुरभुरीत असती तर झाडून काढली असती,
ही डांबरासारखी चकाकणारी,
खरवडली तर नखातच राहणारी.
हिला एक ठिणगी पुरते.
माळ्यावर सागाची तुळई
त्या विटांना पाठ लावून कधीपासून शेकत बसलेली.
दाबून पाहिलं, बोट आत गेलं.

साहेबांना ते काळं बोट दाखवलं.
ते मोबाइलवर शनिवार बघत होते.

वेस्त्या पावरा, चौकीदार, इतका वेळ गप्प.
त्याच्या उजव्या कोपरावर एक पांढरी रेघ आहे.
गेल्या जानेवारीत सुरतेचं जोडपं याच खोलीत
दारं-खिडक्या लावून, निखारे ठेवून झोपलं.
सकाळी चहाला उठेनात.
धूर नाही, वास नाही,
फक्त कुणी उत्तर देत नाही.
त्यानं तावदान कोपरानं फोडलं.
दोघांना ओढून बाहेर गवतावर आणलं,
गवतावर दव गोठलेलं.
बाई आधी ओकली, मग रडली.
खोलीला तेव्हापासून कुलूप.

"आमच्या घराला धुराडं नाही," तो म्हणाला.
"कौलं आहेत. धूर पाहिजे तिथून जातो.
तुम्ही त्याला एकच वाट ठेवता.
मग ती तरी मोकळी ठेवा."

साहेब काही बोलले नाहीत.
शनिवारचे पाहुणे खोली चारमध्ये झोपले,
दोन-दोन रजया घेऊन.

आम्ही तुळईचं टोक कापलं,
वितीहून जास्त अंतर सोडून नवा आधार दिला.
नळाला लोकर गुंडाळून वरून सोडला,
शेगडीच्या गळ्यापासून छपरावरच्या टोपीपर्यंत अखंड,
मध्ये सांधा नाही.
अनीस कौलांवर पोटावर झोपून,
मी खाली राखेत गुडघ्यांवर,
नळातून एकमेकांना हाका मारत.
तोंडाशी आगमाती, सिमेंट नाही.
पुढे हातभर शहाबादी फरशी.
वरची शोभेची सागवानी फळी काढली.
साहेब हळहळले.

वेस्त्यानं धावड्याची लाकडं आणली,
दोन पावसाळे आडोशाला ठेवलेली.
दोन तुकडे एकमेकांवर आपटले, टणक वाजले.
आधी उदबत्ती धरली दाराशी.
धुराची रेघ जरा घुटमळली,
मग मान वळवून आत गेली.

पहिला जाळ मूठभरच.
रंगाचा वास सुटला, खिडकी उघडी ठेवली,
उघड्या खिडकीनं थंडीनं कुडकुडलो.
वेस्त्या बाहेर अंगणात उभा, छपराकडे तोंड करून.
किती वेळ.
मग तिकडून ओरडला,
"निघाला!"

धोक्याची घंटा पलंगाच्या उशाशी बसवली,
तिचं बटण वेस्त्याला तीनदा दाबायला लावलं.
बिलात शेवटची ओळ लिहिली होती:
राखेसाठी पत्र्याचा डबा, झाकणासह, एक नग.
साहेबांनी नेमकी तीच कापली.
डबा तिथंच ठेवून आलो.