खोली क्रमांक चार

सीफर्डला समुद्राकडून वारा सुटला
की या इमारतीची एकच खिडकी वाजते, चार नंबरची.
मी इथे रात्रपाळीला असते. गोळ्या, चादरी, पाणी.
वृद्धाश्रम व्हायच्या आधी ही शाळा होती,
मुलींनी राहून शिकायची.

दोघी हारबॉटल बहिणींनी काढलेली.
थोरलीकडे फ्रेंच, धाकटीकडे हिशेब आणि किल्ल्या.
पहिल्या वर्षी अकरा मुली, एक गाय, भाड्याचा पियानो.
पुढे कधीतरी एकेचाळीस मुली, आणि जिन्यावर गालिचा.
मग युद्ध. पेट्या बांधून सगळ्या वेल्सला.
परतल्या तेव्हा जिन्याला कठडा नव्हता,
इथे उतरलेल्या सैनिकांनी तो शेकोटीत घातला होता.
नंतर बॉयलर थकला, फी थकली,
शेवटच्या सत्रात उरल्या चौदा जणी,
त्यातल्या नऊ कांजिण्यांनी अंथरुणात.

हे सगळं मला मिसेस पेनफोल्डनी सांगितलं,
वय ब्याण्णव, खोली क्रमांक चार.
ही माझीच जुनी कॉट, म्हणतात.
कॉट नवी आहे, कळ दाबली की उठते.
जागा मात्र तीच, खिडकीखालची, वाऱ्याची.

रविवारी घरी पत्र लिहायचं.
मजकूर फळ्यावर असायचा, फक्त उतरवून घ्यायचा:
मी मजेत आहे. हवा चांगली आहे.
पाकीट उघडंच द्यायचं.
कुणी खाली बारीक अक्षरात काही जोडलं
तर धाकट्या बाई त्यावर शाईचा डाग पाडत,
चुकून पडल्यासारखा.

पहाटे तीनला त्या जाग्या होतात,
घडी घातलेला कागदी रुमाल पुढे करतात:
मेट्रन, चिकटवू का?
पहिल्यांदा मी म्हणाले, मी मेट्रन नाही.
तर सकाळपर्यंत रडल्या.
आता मी घडी उलगडते, दिव्याखाली धरते,
कोऱ्यावरून डोळे फिरवते,
म्हणते, छान लिहिलंयस. चिकटव.
इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच,
पण मला ठाऊक आहे मी काय म्हटलं.

तेवढ्यात खिशात फोन थरथरतो.
कराडला सकाळचे साडेआठ, आईची पूजा आटोपलेली.
जेवलीस का, झोप होते का, थंडी फार आहे का.
बोलण्याआधी माझी नजर भिंतीवर जाते,
फळा होता म्हणतात त्या जागी,
जिथे आता टीव्ही आहे, बंद.