पाय कुठं ठेवायचा

टेबलावर तीन कोटेशनं.
एक कराडचं, रंगीत छापाचं, जीएसटी वेगळा.
एक इथलंच, ओळखीतलं, म्हणून जरा जास्तच.
तिसरं वहीच्या पाठकोऱ्या कागदावर,
दस्तगीर फिटरच्या हातचं:
"वर चडून बगतो, मग सांगतो."
आकडाच नाही.

म्हणून त्याला बोलावलं.

विट्यातलं आमचं शेड.
चोवीस माग, एकशे चाळीस पत्रे सिमेंटचे,
बसवले तेव्हा मी चौथीत होते.
माग उल्हासकडं, वह्या माझ्याकडं,
आणि छप्पर दोघा भावंडांत निम्मंनिम्मं.
ते कुठनं कापायचं, कुणालाच ठाऊक नाही.

उल्हास म्हणतो, डांबरपट्टी मारू, यंदाचं निभेल.
नऊ वर्षं हेच म्हणतोय.
नऊ वर्षांच्या पट्ट्यांची बेरीज
मी काल रात्री केली:
चार लाख अकरा हजार.
त्याला दाखवली नाही.
नव्याचे सात लाख तीस सांगितले
तेव्हा तो ज्या आवाजात हसला,
तो आवाज आमच्या वडिलांचा होता.

दस्तगीरनं चपला शिडीपाशी काढल्या.
"बोल्टांच्या रांगंवरनंच चालायचं, ताई.
रांगंखाली लोखंड असतंय.
मदी पाय पडला
की थेट सात नंबरच्या मागावर."
आणि गेला चालत, माणूस बांधावरनं जातो तसा,
हातोडीच्या दांड्यानं ठोकत, ऐकत.
खाली माग चालू.
एवढ्या खडखडाटात त्याला काय ऐकू येत होतं,
कोण जाणे.

उतरला. पाणी प्यायला. म्हणाला,
"पत्र्याचं वय झालंय, पर कटाळलेत ते हूक.
खाली चोवीस माग धडधडत्यात,
वर एकेक नट रोज केसाएवढा फिरतोय.
छत्तीस वर्षं फिरतोय.
तुमच्याच कापडानं तुमचं छप्पर उसवलंय."

उल्हास काही बोलला नाही.
मलकारी बोलला, नऊ नंबरवाला,
ज्याला कुणी विचारलं नव्हतं.
त्यानं फरशीवरचं सूत पायानं सारलं,
खाली खडूचे गोल:
जिथं जिथं ठिपकलं तिथं तिथं,
शेजारी साल, बारीक अक्षरात.
सगळे गोल दक्षिणेच्या पाख्याखाली.
उत्तरेला एकही नाही.
आम्ही दोघं मालक
इतकी वर्षं या गोलांवरनं चालत होतो.

मग मी बेरीज दाखवली.
उल्हासनं ती दोनदा केली, बोटांवर,
आणि म्हणाला, "दक्षिण तेवढी नवी. उत्तरेला नवे हूक."
दस्तगीरनं मान हलवली:
"पर कैच्या घासून बगायच्या आदी.
गंज आत गेला आसंल
तर माजा आजचा शब्द उद्या नाय."
असा शब्द कराडच्या रंगीत कागदावर नव्हता.

शनिवारी वीज बंद असते. एक पत्रा उघडून बघितला.
आधी त्यानं त्यावर पाणी मारलं, तोंडाला ओला पंचा.
"याची धूळ चांगली नसती.
माजा थोरला भाऊ हेच काम करायचा," म्हणाला,
आणि पुढचं नाही म्हणाला.

चौकोनी ऊन खाली पडलं, थेट नऊ नंबरवर.
हवेत किती तंतू असतात ते दिसलं.
मलकारी त्या उन्हात हात धरून उभा,
जसा काही भाव करतोय.
"हितं एक पारदर्शक घालता?" त्यानं विचारलं.
मी वहीत लिहिलं: पारदर्शक, एक.
उल्हासनं पेन घेऊन दोन केलं.

अॅडव्हान्स दिला. मृगाला बावीस दिवस.

आणि आता त्या पत्र्यावरनं अडलंय,
जो भिंतीशी ओला टेकवून ठेवलाय.
शेजारच्या गॅरेजवाल्यानं मागितलाय, खुराड्याला.
मागनं तसे सत्तर निघणार.
सगळे म्हणतात, देऊन टाका, दुवा घेतील.
एकाही कोटेशनात याची ओळ नाही.
दस्तगीरला विचारलं
तर तो शिडी बांधत राहिला, बराच वेळ.

मी रोज त्यावर तांब्याभर पाणी टाकते.