मार्श्रुत्का

पासपोर्टातल्या फोटोत ती चार महिन्यांची आहे.
मान धरली नव्हती अजून,
पांढऱ्या चादरीमागून माझाच हात तिला तोलत होता.
नीट पाहिलं तर कानापाशी
एक नख दिसतं.
तिबिलिसीच्या अधिकाऱ्याला ते दिसलं असावं:
फोटोकडे, तिच्या जावळाकडे, मग माझ्या अंगठ्याकडे बघून
त्यानं शिक्का मारला.

आता दिदुबेच्या तळावरून कुताइसीकडे.
गाडीला वेळ नसते, भरली की सुटते.
शेवटच्या सीटसाठी पन्नास मिनिटं थांबलो,
तेवढ्यात यमूनं एक मोजा खाल्ला, अर्धा,
आणि ड्रायव्हर जेमालच्या टायरला ‘हम्मा’ म्हटलं.
तिकिटात ती शून्य,
मांडीवर साडेदहा किलो.

तिच्याजवळ एकूण एकोणीस शब्द.
सात जनावरांचे, एक ‘नको’,
एक फक्त दिव्यासाठी.
आणि ‘आई’. सहा आठवडे झाले, तो शब्द
फोनच्या काचेला चिकटलेला,
चाटून चाटून पुसट.
आई तिकडे डोंगरात बोगदे खणते आहे.
मला भीती विमानाची नव्हती, तापाचीही नव्हती:
समोर आई आली, काचेबाहेरची, वासासकट,
आणि हिनं ओळखलंच नाही तर?

घाटाच्या अलीकडे तिनं सगळं ओकून टाकलं,
केळं, दूध, मोज्याचा दोरा,
शेजारच्या नानुलीबाईंच्या काळ्या झग्यावर.
मी मराठीत माफी मागितली, मग इंग्रजीत,
मग नुसतीच मान हलवून.
बाईंनी डोक्याचा रुमाल सोडला,
आधी तिचं तोंड पुसलं,
मग माझा शर्ट.
स्वतःचा झगा राहूनच गेला.
जेमालनं न विचारता गाडी बाजूला घेतली.
सोळा माणसं उतरली, कुणी घड्याळ पाहिलं नाही.
एकानं सिगारेट पेटवली, आधी वाऱ्याची दिशा बघून.

रस्त्याकडेला भट्टीतून काढलेली नाझुकी विकत होते.
नाजूक कसली, चांगली वीतभर रुंद,
मनुका घातलेली, दालचिनीच्या वासाची.
बाईंनी फुंकून फुंकून तुकडा पुढे केला.
आत्ताच ओकलीये हो, असं मी म्हणणार होतो,
पण यमू आ करून बसली होती.

‘बाबा,’ मला दाखवत ती म्हणाली, घासासकट.
गाडीत हशा.
ग्वांत्सा नावाची कॉलेजातली मुलगी सांगू लागली:
आमच्यात बाबुआ म्हणजे आजोबा.
बाप म्हणजे मामा.
मी म्हटलं, आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ.
एका घाटात मी आजोबा झालो, बाप झालो,
आणि स्वतःचाच मेहुणा.
‘हो?’ मी नानुलीबाईंना विचारलं.
‘हो,’ त्या म्हणाल्या.
तेवढा एक शब्द सारखा निघाला.

बोगद्यात दिवे मागे पळू लागले.
मी म्हटलं, बघ, हा आईनं केला.
खोटं. तिचा पुढचा आहे, अजून अर्धा.
‘आई,’ यमू म्हणाली, दिव्याकडे बोट.
नानुलीबाईंनी वळून पाहिलं.
‘आई,’ सिमेंटच्या गाडीकडे.
बाईंनी पाहिलं.
‘आई,’ होर्डिंगवरच्या टूथपेस्टवालीकडे.
त्यांनी मान लांब करून पाहिलं, दरवेळी, मनापासून.
ग्वांत्सा म्हणाली, आमच्या भाषेत आइ म्हणजे
हे बघ, इथे.

कुताइसीला ती उभी होती,
हेल्मेटनं केस चपटे झालेली,
हात पुढे करावेत की नाही, अशी.
यमूनं एकदा पाहिलं
आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं.
आम्ही तिघं तसेच.
कुणी काही बोलेना.

पिशव्या उतरवता उतरवता नानुलीबाई थांबल्या.
डाग वाळलेला झगा सावरला,
समोरच्या चपट्या केसांकडे बोट केलं.
‘आइ,’ त्या यमूला म्हणाल्या. ‘आइ.’

यमूनं मान वळवली.